तुम्ही विचारलंत म्हणून: वरूनच रंग का नाही मारला?

रंगवलेली जुनी मोटार वाड्यातून रस्त्यावर आली त्या दिवसापासून लोक मला एकच गोष्ट विचारतात. बाजाराच्या दिवशी विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात. "काऊन भाऊ, पुरा रंग खरडून काढला म्हणता, अन् चौदा महिने लावले? वरूनच दोन हात मारले असते तर आठ दिवसांत निपटलं असतं ना." विचारणाऱ्यांत गाड्या रंगवणारी पोरंही असतात. म्हणून एकदा सगळं नीट सांगतो.

गाडी एमजी टीडी, १९५२ ची. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. दोन माणसांची, वरून उघडी स्पोर्ट्स कार. इंग्लंडात ॲबिंग्डनला १९५० ते १९५३ एवढीच वर्षं हे मॉडेल बनलं. इंजिन १२५० सीसीचं, मडगार्ड सुटे, पेट्रोलची टाकी पाठीवर दप्तरासारखी उभी, आणि दारांच्या बिजागऱ्या मागच्या अंगाला, म्हणजे दार पुढून उघडतं. आमच्या गावच्या दादासाहेबांच्या वडिलांनी ती मुंबईहून आणली होती, तेव्हा त्यांचं जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना, जोरात होतं. पुढे जिनिंग बंद पडलं आणि गाडी कोठ्यात गेली. कोठ्यात, म्हणजे आमच्याकडे जिथं ढोरं बांधतात तिथं. तीस वर्षं एका बाजूला कुटार, म्हणजे ढोरांचा भुसा, आणि दुसऱ्या बाजूला ती.

मी पेंटर. आमचे बाबा दमण्या, म्हणजे छपराच्या बैलगाड्या रंगवायचे, शंकरपटाचे, म्हणजे बैलांच्या शर्यतीचे छकडे रंगवायचे. मी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवतो. ट्रॉलीला मीही वरूनच मारतो आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. ज्या ट्रॉलीत उद्या मुरूम पडणार तिला खरडत बसणं म्हणजे मालकाचे पैसे वाया घालवणं. दादासाहेबांनी बोलावलं तेव्हा मीही आठ दिवसांचाच हिशेब मनात धरून गेलो होतो.

माझ्या खिशात जुन्या स्पीकरचा लोहचुंबक असतो. फडक्यात गुंडाळून तो पत्र्यावरून फिरवतो. पुढच्या मडगार्डवर तो घट्ट धरत होता. मागच्या डाव्या मडगार्डवर आणला आणि सुटून खाली पडला. परत लावला, परत पडला. तळहाताएवढ्या जागेत लोखंड लागतच नव्हतं. गाडीचा सगळा रंग, प्रायमरपासून वरच्या हातापर्यंत, कारखान्यातून निघताना १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे दोन केसांची जाडी. तेवढ्यातून चुंबक आरामात धरतो. इथं मध्ये काहीतरी वेगळंच होतं.

पटाशीने टोचून बघितलं तर पुट्टी. अर्धा इंच जाड. खाली तेलाच्या पिप्याचा पत्रा, रिबिट मारून बसवलेला, आणि त्याच्याखाली मडगार्डचा खरा पत्रा पापडासारखा. हात लावला की चुरा. कुणी केलं हे विचारण्यात अर्थ नव्हता. पन्नास वर्षांत ज्याच्या हाती जे सामान होतं त्यानं ते वापरलं. पण त्या चुऱ्यावर मी माझा रंग मारायचा? रंग उभा राहतो तो खालच्या थराच्या जिवावर, आणि सगळ्यांत कच्चा थर जितका टिकेल तितकाच तो टिकतो. वर कितीही महागाचा मारा, खालचा सुटला की तो घेऊनच सुटणार.

दुसरं कारण रंगाच्या जातीचं. सगळ्यांत वर मरून रंग होता, सिंथेटिक इनॅमल, ब्रशने मारलेला. दाराच्या कडेला ब्रशचा केसही चिकटून राहिला होता. मला मारायचा होता पीयू, म्हणजे पॉलीयुरेथेन, रंग कडक करणारं हार्डनर घालून मारतात तो. त्याचं थिनर कडक. इनॅमलवर पडलं की ते खालून फुगतं, सुरकुततं, दुधावर साय धरते तसं. आमच्या लाईनमध्ये म्हणतात रंग उचलला. नव्या पेंटरला हे एकदा तरी भोगावं लागतं, आणि तेव्हा सगळं काढावंच लागतं, फक्त त्याच्या रंगाचे पैसे गेल्यावर.

मग खरडायला घेतलं. मडगार्ड, दारं, बॉनेट, सगळं सुटं केलं. सँडब्लास्टिंग करून घे, एका दिवसात चकचकीत होईल, असं पुष्कळांनी सांगितलं. चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, तशीच केली, नागपूरजवळ बुटीबोरीच्या एमआयडीसीत पाठवून. ती जाड आहे, सोसते. मडगार्डचा पत्रा मिलिमीटरभराचा. त्यावर वाळूचा मारा झाला की पत्रा ताणतो, पोट काढतो, आणि मग कोणताही डेंटर तो पुन्हा सरळ करू शकत नाही. म्हणून बाकी सगळं पेंट रिमूव्हर आणि खरवडणीने. रिमूव्हर ब्रशने लावायचा, वरून प्लास्टिक पांघरायचं, तो उडून जाऊ नये म्हणून. अर्ध्या तासाने रंग फोडासारखा वर येतो. मग कोपरे घासून गोल केलेल्या पात्याने, आडवं धरून, हळू.

खालचे हात काढताना मशीन लावलं नाही. जुन्या रंगात शिसं असतं. आपल्याकडे घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमवर, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांवर आणायचा नियम झाला तो २०१६ मध्ये. ही गाडी त्याच्या किती आधीची. कोरडं घासलं तर ती पूड हवेत उडणार, आणि माझ्या शेडमध्ये शेजारची पोरं दिवसभर येतात. म्हणून पाणी घालून घासायचं, खाली ताडपत्री, चोथा डब्यात बंद. पोरांना दारात दोरी बांधली. पुट्टी मात्र सगळी गोळा करून कापसाच्या काट्यावर टाकली. नऊ किलो भरली.

रंग उतरवताना मी थर मोजत होतो. कडेला घासायच्या बारीक पेपरने पसरट घासलं की थर एकाशेजारी एक उघडे पडतात, लाकडाच्या ओंडक्यावर वलयं दिसतात तसे. मरून, त्याखाली काळा, त्याखाली लाल, मग खाकी प्रायमर, आणि सगळ्यांत खाली हिरवा. फिकट, किंचित पोपटी. दादासाहेबांना बोलावलं. ते म्हणाले, "हिरवी कधीच नव्हती. लालच. मी लहानपणी बसलोय तिच्यात." मी म्हटलं, कदाचित हा प्रायमरचाच थर असेल.

पण मडगार्ड आणि बॉडीच्या मध्ये जी बीडिंगची पट्टी असते ती काढली, तर तिच्याखाली बोटभर रुंद, अगदी ताजा हिरवा. ऊन लागलेलं नाही, पॉलिश लागलेलं नाही. डॅशबोर्डच्या मागेही तोच. प्रायमर असा चमकत नाही. संध्याकाळी दादासाहेबांच्या मोठ्या बहिणीला खुर्चीवर बसवून कोठ्यात आणलं. मोठ्या बाईंचं वय ऐंशीच्या पुढे. मी पट्टीखालची जागा दाखवली. त्यांनी बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "हेच ते. हरभऱ्याच्या घाट्यावानी होती. तू पोटात होतास तवा बाबानं लाल केली." दादासाहेब बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मला म्हणाले, "हिरवीच करा."

वरूनच मारला असता तर मीही लालच मारला असता. यापलीकडे त्या प्रश्नाला माझ्याकडे दुसरं उत्तर नाही, पण उरलेलं काम सांगितल्याशिवाय चौदा महिन्यांचा हिशेब लागणार नाही.

पत्र्याखाली लाकूड निघालं. या गाडीची बॉडी लाकडी सांगाड्यावर ठोकलेली असते. इंग्लंडात त्याला ॲशचं लाकूड वापरायचे. खालच्या आडव्या पट्ट्या वाळवीने भुगा केल्या होत्या. आमच्या सुतारदादांनी पाडलेल्या वाड्याच्या चौकटीचं सागवान काढलं, साठ वर्षं वाळलेलं. सागाला तेल असतं, त्यावर गोंद धरत नाही. आधी थिनरने पुसून लगेच जोडावं लागतं. त्यात तीन महिने गेले आणि ते जायलाच हवे होते.

उघडा पत्रा ठेवून घरी जाता येत नाही हे मला मे महिन्याने शिकवलं. बॉनेट साफ केलं, दमलो, हात फिरवून बघितलं आणि झोपायला गेलो. सकाळी बघतो तर माझीच पाच बोटं गंजून उमटलेली. घामात मीठ असतं. तेव्हापासून नियम केला: जेवढं खरडलं तेवढं त्याच दिवशी पुसून एपॉक्सी प्रायमरखाली. त्याच्यावर पुट्टी, कागदाइतकी, जिथं हवी तिथंच. मग सर्फेसर, म्हणजे घासून सपाट करायचा थर, मग सर्फेसरवर काळ्या रंगाचा नुसता धूर मारायचा आणि लाकडी गुटक्याला ४०० नंबरचा पेपर गुंडाळून घासायचं. खोलगट जागेत काळं उरतं, उंचवट्यावर आधी निघतं. डोळ्याला जे दिसत नाही ते असं दिसतं. एका मडगार्डला मी हे सात वेळा केलं.

नंतर दिवस शोधायचा. आपल्या भागात हा मोठा प्रश्न आहे आणि शहरात बंद खोलीत, म्हणजे बूथमध्ये, रंग मारणाऱ्याला तो कळत नाही. एप्रिल-मेत पारा ४५ च्या वर, रंग पत्र्यावर पोचायच्या आतच सुकतो आणि खरखरीत बसतो. पावसाळ्यात हवा दमट, रंगाची चमक मरते. दसऱ्यानंतर सोयाबीनचे थ्रेशर, सगळीकडे कुटार. दिवाळीनंतर जिनिंग सुरू, आणि रुईचा एकच तंतू ओल्या रंगात पडला की केसासारखा दिसतो. रात्री मारावं तर दिव्यावर किडे. शेडला थ्री फेज लाईन तेव्हा आठवड्याआड दिवसा यायची. शेवटी महाशिवरात्रीच्या आसपासचे चार दिवस धरले. थंडी ओसरलेली, ऊन तापायचं आहे, जिनिंग मंदावलेलं. शेडला आतून प्लास्टिक, जमिनीवर पाणी मारलेलं, डीजेवाल्याचा जनरेटर भाड्याने, सकाळी नऊ ते अकरा.

तीन हात मारले, मध्ये पंधरा-पंधरा मिनिटं थांबून. मास्कबद्दल इथं जोर देऊन सांगतो. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा वास येत नाही, त्यामुळे मास्कची काडतुसं, म्हणजे हवा गाळायच्या डब्या, संपली हे नाकाला कळत नाही. बाहेरची स्वच्छ हवा नळीने तोंडापर्यंत आणणारा मास्क लागतो. मी तो गाडीच्या रंगाच्या आधी घेतला. बाबा आयुष्यभर तोंडाला दुपट्टा बांधून रंग मारायचे. शेवटची सहा वर्षं त्यांनी रात्री बसून काढली, आडवं झालं की दम लागायचा. गाड्या रंगवणाऱ्या पोरांनो, दुपट्ट्याने यातलं काहीच थांबत नाही.

पहिल्या दारावर रंग संत्र्याच्या सालीसारखा बसला. वरुडकडचा माझा मदतनीस बघून म्हणाला, "हे तर पुरी संत्र्याची साल झाली भाऊ." इंग्रजीतही त्याला हेच नाव आहे. हवेचा दाब कमी पडत होता. पुढच्या भागांना वाढवला, आणि ते दार दोन दिवसांनी १५०० आणि २००० च्या पेपरने घासून बफ केलं. उन्हात आता फरक कळत नाही, ट्यूबच्या उजेडात तिरकं बघितलं तर मला अजून कळतो.

डॅशबोर्डच्या मागे तळहाताएवढी जागा मी रंगवली नाही. तिथं १९५२ चा हिरवा तसाच आहे. दादासाहेब पाहुण्यांना टॉर्च लावून दाखवतात.

आता ज्यांच्या घरी जुनी गाडी, जीप, राजदूत असं काही उभं आहे आणि जे मला फोनवर भाव विचारतात, त्यांना एवढंच म्हणेन: आधी एक लोहचुंबक घ्या, फडक्यात गुंडाळा आणि चाकांच्या वरच्या कमानी, दारांचे खालचे कोपरे, पावदानाचे जोड, एवढ्या जागांवर फिरवा. कुठं सुटून पडतो ते खडूने खूण करा. त्या खुणा बघितल्याशिवाय मी भाव सांगत नाही.