काय देता तुम्ही त्या बायकांना?

नगरकडच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीचं महिला मंडळ मी चालवते, त्यातल्या बहुतेक शेतमजूर नाहीतर ऊसतोड करणाऱ्या बायका. त्या बायकांना काय देता, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की विचारणाऱ्याच्या सुरावरून त्याच्या पोटातलं आता कळतं. पुण्याच्या चर्चच्या मंडळीतल्या बायका कौतुकाने विचारतात, "आमच्याकडे महिला सभेला चहा-सामोसे ठेवूनही कुणी येत नाही. तुमच्या त्या दिवसभर राबलेल्या बायका कशा जमतात? काय देता त्यांना?" आणि एसटीत शेजारी बसलेला माणूस, माझ्या गळ्यातला क्रूस बघून पाथर्डीपर्यंत गप्प राहिलेला, शेवटी विचारतोच, "देता काय हो तुम्ही त्यांना?" शब्द तेच, पण त्याला म्हणायचं असतं, धर्म बदलायला काय देता.

एसटीतल्या माणसाचं आधी उरकते. आमच्या भागातली ख्रिस्ती घरं कालपरवाची नाहीत. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं १८३१ साली. आमच्या मंडळीतल्या बहुतेकींचे पूर्वज महार-मांग वाड्यातले, आणि खेड्यापाड्यांतली पुष्कळ घरं १८७६ ते ७८च्या दुष्काळाच्या आगेमागे ख्रिस्ती झालेली. त्यांना शाळा मिळाली, हे कुणी नाकारत नाही. नगरला सिंथिया फरार बाई मुलींना शिकवायच्या. सावित्रीबाई फुले शिक्षिकेचं शिक्षण घ्यायला त्यांच्याकडेच आल्या होत्या. पण आजचा हिशेब करा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की अनुसूचित जातीच्या सवलती जातात. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात घेतले गेले, ख्रिस्ती बाहेरच राहिले. म्हणजे कागदावर ख्रिस्ती लिहिणाऱ्या बाईच्या पदरात पडत काही नाही, पदरचंच जातं. हे सांगितलं की तो माणूस खिडकीबाहेर बघायला लागतो.

आता तुम्हाला.

आमचं महिला मंडळ रविवारी भरत नाही. रविवारी उपासना होते खरी, पण कांदा लागवड चालू असेल तर उक्तं घेतलेल्या टोळीला रविवार कुठला? खुरपणी, कापूस वेचणी, कांदे काटणी, सगळं बायकांच्याच कमरेवर. म्हणून आम्ही सभा ठेवतो बाजारच्या दिवशी दुपारी. त्या दिवशी रोजाला सुट्टी असते. बाया बाजार करून येतात, पिशव्या भिंतीला लावतात, चपला दारात काढतात आणि सतरंजीवर पाय लांब करून बसतात. सुरुवातीला एखादी तिथेच भिंतीला टेकून झोपते. तिला कुणी उठवत नाही. माझ्या आधी इथे असलेल्या पाळकांच्या पत्नीने घालून दिलेला हा नियम, तो मला फार शहाणपणाचा वाटतो.

मग गीत. टाळ असतात, कधी ढोलकी. निम्म्या जणींना वाचता येत नाही, पण ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची पदं तोंडपाठ. शास्त्रपाठ आठवीतली एखादी पोरगी वाचते. शिकवायला मी उभी राहते, पण शिकवणं बहुतेक वेळा उलट्या दिशेने होतं. बायबलमधलं रूथचं पुस्तक घेतलं तेव्हाची गोष्ट सांगते. रूथ म्हणजे विधवा सून, परक्या मुलखात सासूबरोबर आलेली, दुसऱ्याच्या शेतात कापणीमागून सरवा, म्हणजे रानात पडून राहिलेली कणसं, वेचणारी. सरवा मला समजावून सांगावा लागला नाही, बाजरीचा आणि भुईमुगाचा सरवा वेचूनच त्यातल्या कितीतरी वाढल्यात. संध्याकाळी झोडपून रूथला एफाभर सातू मिळाले, तर पहिला प्रश्न आला, "एफा म्हंजी किती ओ?" साधारण बावीस लिटर, म्हणजे हंडाभराहून जास्त, असं सांगितल्यावर एक मावशी म्हणाल्या, "मग मालकानं मुद्दाम कणसं टाकून ठेवली असतील. सरव्यात एवढं निघत नसतंय." आणि खरंच तसं लिहिलंय, शेताचा मालक बवाज आपल्या गड्यांना मूठमूठ मुद्दाम टाकायला सांगतो. मी मात्र तोवर ते वचन कधी हिशेबासारखं वाचलं नव्हतं.

पण खोली गप्प झाली ती त्याच्या आधीच्या ओळीला. बवाज रूथला सांगतो, तुला हात लावायचा नाही अशी ताकीद मी गड्यांना दिली आहे. यावर कुणी काही विचारलं नाही. थोड्या वेळाने मागून आवाज आला, "मुकादमाला कोण ताकीद देनार?" त्या दिवशीची सभा दिवेलागणीपर्यंत चालली. काय बोलणं झालं ते मी इथे लिहिणार नाही. मंडळात बोललेलं मंडळाच्या दाराबाहेर जात नाही, आणि तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर खरं तर यातच आहे. ज्या गावात आडावर बोललेलं घरी पोचायच्या आत सासूला कळतं, तिथे अशी एक खोली असणं फार आहे.

उरलेलं अर्धं उत्तर प्रार्थनेच्या विनंत्यांमध्ये. प्रत्येकीने आपली विनंती सांगायची आणि शेजारणीने तिचं नाव घेऊन मोठ्याने प्रार्थना करायची. जिला आयुष्यभर अमक्याची आई नाहीतर तमक्याची बायको म्हणून हाक मारली, तिचं नाव देवापुढे कुणीतरी घेतं. विनंत्या कशाच्या? पोराची भरती, बोअरचं पाणी, नवऱ्याची दारू, पोरीचं पसंतीचं लफडं. आणि कंबर. "कंबर" म्हणून जे सांगितलं जातं ते पुष्कळदा कंबरेचं नसतं, हे कळायला मला काही वर्षं लागली. अंगावरून जातं, पाळी थांबत नाही, आणि कुणीतरी सांगितलेलं असतं की गर्भाची पिशवी काढून टाक, सुटशील. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी समितीने शेजारच्या बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यात १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. उसाच्या फडावर एक दिवस खाडा पडला तरी टोळीचा मुकादम पैसे कापतो. पाळीचे दिवस म्हणजे खाडे. बाई हिशेब करते आणि ऑपरेशन करून घेते.

म्हणून आमच्याकडे प्रार्थना झाली की नर्सबाईंकडे कोण कुणाबरोबर जाणार तेही तिथेच ठरतं. तेल लावून, डोक्यावर हात ठेवून "गोळ्या बंद कर, विश्वास ठेव" म्हणणारे प्रचारक आमच्या भागात येतात, मोठे मांडव घालतात. त्यांच्याशी माझं जमत नाही आणि जमवायचीही इच्छा नाही. जामखेडला डॉक्टर रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं, गावातल्याच बायकांना, त्यातल्या कित्येक अक्षरओळख नसलेल्या, आरोग्यसेविका म्हणून उभं केलं. दोघंही श्रद्धावान ख्रिस्ती. ख्रिस्ती सेवा म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे मांडव येत नाही, ते येतात.

दसरा झाला की मंडळ निम्मं रिकामं होतं. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली जोडपी ऊसतोडीच्या टोळीबरोबर कोल्हापूर, सांगली, कर्नाटकाकडे जातात. मागे म्हाताऱ्या आणि शाळेतली पोरं उरतात. कारखाना नाताळाला बंद नसतो. म्हणून आम्ही नाताळाच्या आसपास फडावर जातो, करंज्या आणि चिवडा घेऊन. बायका पहाटे चारला उठून भाकरी करून, दिवसभर ऊस तोडून, डोक्यावर मोळ्या वाहून गाडी भरून आलेल्या असतात. कोप्यांच्या, म्हणजे त्यांच्या झोपड्यांच्या, मधल्या मोकळ्या जागेत दोन गीतं म्हणायची, एक छोटा पाठ, प्रार्थना, फराळ. शेजारच्या कोप्यांतल्या वंजारी, भिल्ल बायकाही येऊन बसतात. त्या मोहटादेवीला जाणाऱ्या आणि जातीलच. पोराच्या तापासाठी प्रार्थना सांगतात, आम्ही करतो. त्याची वहीत नोंद करत नाही, आणि अहवालाच्या छापील फॉर्ममधला "नवीन किती" हा रकाना मी दरवर्षी कोरा ठेवते.

पट्टा पडून, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपून, टोळ्या परतायला लागतात तेव्हा मार्चचा पहिला शुक्रवार आलेला असतो, जागतिक प्रार्थना दिनाचा. दरवर्षी एकेका देशातल्या बायका ही उपासना लिहितात आणि जगभर तीच म्हटली जाते. २०२५ ची कुक बेटांवरच्या बायकांची होती, २०२६ ची नायजेरियाच्या. "अहो कष्टी व भाराक्रांत जनहो" हे नायजेरियाच्या बायकांनी निवडलेलं वचन. सोबतच्या चित्रात डोक्यावर ओझी घेतलेल्या बायका. ते हातोहात फिरलं आणि ओझं कशाचं असेल, खाली चुंबळ कशी बांधली असेल यावर इतकी चर्चा झाली की उपासना अर्धा तास उशिरा सुरू झाली.

आणि देणं म्हणाल तर तेही उलटंच. सुगीच्या सणाला या बायका घरचं पहिलं पीक, कोंबडी, अंडी देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, आणतात, त्याचा लिलाव होतो. बाजारात वीस रुपयांना कुणी हात न लावणारा भोपळा दोनशेला जातो, कारण बोली लावणाऱ्याही त्याच. देवळाच्या पत्र्यांचा खर्च त्यातून निघाला.

पुण्याच्या बाईंनी परवा विचारलं, मग आम्ही शिलाई मशीन पाठवू का? शहरातल्या दात्यांना शिलाई मशीनचं इतकं प्रेम का असतं, देव जाणे. आमच्याकडे आधी आलेली मशीनं फडक्याखाली झाकलेली आहेत. दिवसभर ऊस तोडून आलेली बाई ब्लाऊज कधी शिवणार? मी म्हटलं, मशीन नको. फडावर अंधारात बाहेर जावं लागतं, सापाची भीती, माणसाची भीती. सोलरवर चालणारे हातातले दिवे पाठवा. आणि तुमच्यापैकी दोघी जणी डिसेंबरात आमच्याबरोबर या, कोपीत मुक्कामाला.

दिव्यांचे पैसे त्यांनी लगेच पाठवले. मुक्कामाचं विचारून कळवते म्हणाल्या.