दारू सुटली, आता बिडीचं काय?

"दारू सोडलीय ना त्याने, मग बिडी तरी ओढू दे." माणूस व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आला की हे वाक्य हमखास ऐकू येतं, आणि ते प्रेमापोटीच येतं. पण दारूचा उपचार घेऊन गेलेल्यांचं पुढे काय झालं, याचा अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने कित्येक वर्षं मागोवा घेतला. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात निम्म्याहून थोडे जास्त मृत्यू तंबाखूशी निगडित निघाले, दारूशी निगडित साधारण एक तृतीयांश. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस (एए) या दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याच्या संघटनेचे सहसंस्थापक बिल विल्सन १९३४ नंतर दारूला शिवले नाहीत. १९७१ साली ते गेले, ते फुप्फुसांच्या आजाराने. सिगारेट त्यांना फार उशिरा सुटली.

घरच्यांची दुसरी भीती असते की दोन्ही एकदम सोडायला लावलं तर तो परत दारूकडे जाईल. ही भीती बहुतांशी खोटी आहे, पण पूर्ण नाही. २००४ साली १९ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा उपचारासोबत तंबाखू सोडायला मदत मिळालेल्यांची पुढे दारू-ड्रग्जपासून दूर राहण्याची शक्यता २५ टक्क्यांनी जास्त दिसली. त्याच वर्षी मिनेसोटातल्या ४९९ जणांच्या अभ्यासात मात्र लगेच तंबाखू सोडायला लावलेल्यांपेक्षा सहा महिने थांबलेल्यांची दारू जास्त टिकून सुटली. माझं मत असं, की विषय पहिल्या दिवसापासून काढावा, पण तारीख माणसाने स्वतः ठरवावी. आणि ती ठरवावीच. "बघू नंतर" ही तारीख नव्हे.

दारू बंद केल्यानंतरचा पहिला आठवडा-दहा दिवस शरीर सावरण्याचे. हात थरथरणं, घाम, नाडी जलद होणं, भास होणं, फिट येणं ही दारू तुटल्याची लक्षणं आहेत. भास किंवा फिट असेल तर थेट रुग्णालय गाठा. निकोटीन तुटलं की चिडचिड होते, भूक वाढते, कशात लक्ष लागत नाही, आणि नाडी उलट थोडी मंदावते. हा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. केंद्रात तंबाखूला पहिल्या दिवसापासून बंदी असेल, तर निकोटीनचा पॅचही (त्वचेवर चिकटवायची पट्टी) पहिल्या दिवसापासून मागून घ्या. दोन्ही त्रास एकाच वेळी कोरडे अंगावर काढायला लावणं क्रूर आहे, आणि माणूस अर्ध्यातून उपचार सोडून निघून जातो तो बरेचदा त्यामुळेच.

दारू पिणाऱ्याला निकोटीनची सवय सहसा जास्त खोल असते, म्हणून कमी डोस पुरत नाही. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली बिडी किंवा तंबाखूचा पहिला बार लागत असेल, तर २ ऐवजी ४ मिलिग्रॅमचा निकोटीन गम लागतो. दिवसाला दहापेक्षा जास्त ओढत असेल, तर पॅच २१ मिलिग्रॅमचा सहा आठवडे, मग १४ चा दोन, मग ७ चा दोन. पॅच आणि वरून तलफ आली की गम, ही जोडी एकट्या गमपेक्षा चांगली चालते. डोस डॉक्टरांकडून ठरवून घ्या, विशेषतः हृदयविकार असेल तर.

"गमने काही होत नाही" अशी तक्रार आली की आधी चावायची पद्धत विचारा. तो च्युइंगमसारखा चावायचा नाही. दहा-पंधरा वेळा सावकाश चावा, झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा, झिणझिण्या गेल्या की परत चावा. असं अर्धा तास. भराभर चावून लाळ गिळली, तर निकोटीन पोटात जातं, उचकी लागते, जळजळ होते, आणि तलफ तशीच राहते. गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि तो तोंडात असताना चहा, कॉफी, लिंबू सरबत नको. आम्लामुळे निकोटीन गालातून शोषलं जात नाही. तंबाखू मळणाऱ्याला हे चटकन पटतं, कारण तो चुना लावतो तो याच हिशोबाने, चुना आम्लाच्या उलट. गुटख्याने तोंड उघडत नसेल, तर गम विसरा, पॅच वापरा.

आपल्याकडे बिडी-सिगारेटपेक्षा खाण्याची तंबाखू, मावा, मिश्री कितीतरी जास्त चालते. म्हणून "बिडी सोडली" म्हणणाऱ्याचा खिसाही विचारात घ्या. बिडीच्या जागी पुडी आली, तर काहीच सुटलेलं नाही. दारू आणि तंबाखू मिळून तोंडाच्या कर्करोगाचा धोका नुसत्या बेरजेपेक्षा जास्त वाढवतात. बिनतंबाखूची सुपारीही पर्याय नाही, ती स्वतःच कर्करोगकारक आहे.

चहाबद्दल सहसा कोणी सांगत नाही. धुरातल्या घटकांमुळे यकृत कॅफिन लवकर निकालात काढतं. धूर थांबला की तेवढाच चहा शरीरात जवळजवळ दुप्पट चढतो. छातीत धडधड, रात्री टक्क जाग, आणि माणसाला वाटतं की ही तलफच आहे. आणि झोप उडालेल्या रात्री क्वार्टर आठवते. त्यात डायसल्फिराम ही दारूपासून दूर ठेवण्यासाठी दिली जाणारी गोळीही कॅफिन रेंगाळत ठेवते. धूर बंद करायच्या दिवसापासून चहा निम्मा करा, संध्याकाळनंतर बंद. याच कारणाने ओलान्झापिन आणि क्लोझापिन या मानसिक आजारावरच्या औषधांचं रक्तातलं प्रमाणही वाढतं. या गोळ्या चालू असतील, तर तारखेच्या आधीच मानसोपचारतज्ज्ञांना कळवा.

बुप्रोपिऑन ही तंबाखू सोडण्याची गोळी दारू नुकतीच तोडलेल्या माणसाला देत नाहीत, फिट येण्याचा धोका असतो. डायसल्फिराम चालू असताना पॅच आणि गम चालतात. पण धूर बंद झाल्यावर काही आठवडे खोकला वाढू शकतो, आणि मेडिकलमधून आणलेल्या खोकल्याच्या औषधात अल्कोहोल असू शकतं. तोंड धुण्याच्या लिक्विडचंही तसंच. बाटलीवरचं वाचूनच घ्या.

तारखेच्या आधी तीन दिवस प्रत्येक बिडीची नोंद करायला सांगा: वेळ, जागा, सोबत कोण. त्यातून टपरी दिसते, जेवणानंतरची दहा मिनिटं दिसतात, एएची मीटिंग सुटल्यावर दाराबाहेर जमणारा घोळका दिसतो. तो घोळका सोडायला फार जड जातं, कारण आधार देणारी माणसंही तिथेच असतात. स्पॉन्सरशी (एएमधल्या जुन्या, मार्गदर्शक सदस्याशी) बोलणं आतच संपवा, किंवा न ओढणाऱ्या मित्रासोबत घरी निघा. वाचलेले पैसे रोख साठवू नका. महिन्याची रक्कम एकदम खिशात आली की पाय गुत्त्याकडे वळतात. रोजच्या रोज घरी द्या किंवा पोस्टात टाका.

आणि एखादी बिडी ओढली गेलीच तर? तिला दारूची घसरण समजू नका, आणि त्यालाही तसं समजू देऊ नका. "आता सगळंच गेलं" हा विचार माणसाला त्याच संध्याकाळी गुत्त्यावर नेतो. पाकीट फेका, पॅच तसाच राहू द्या, पुढची तलफ आली की गम. त्या रात्री त्याला एकटं ठेवू नका, वेळेवर जेवू घाला, दुसऱ्या दिवशीची मीटिंग चुकवू नका. राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइन १८००-११२-३५६ वर फोन विनामूल्य आहे. दोन आठवड्यांहून जास्त उदासी राहिली किंवा जगणं नकोसं झाल्याची भाषा आली, तर फॉलोअपच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे न्या.