युरोपची प्रश्नावली आणि माझी मॉडबस लायब्ररी

वाळूज एमआयडीसीतील एका ऑटोमेशन कंपनीत मी नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात वीजमीटरचे आकडे मॉडबसवरून (औद्योगिक उपकरणांची एकमेकांशी बोलण्याची पद्धत) वाचणारी एक छोटी लायब्ररी, म्हणजे इतरांना आपल्या सॉफ्टवेअरमध्ये वापरता येणारा तयार कोड, सांभाळतो. ती एमआयटी या फुकट वापराची मुभा देणाऱ्या परवान्याखाली, गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली आहे. गेल्या वर्षी, ही लायब्ररी वापरणाऱ्या युरोपातील एका उपकरण-उत्पादक कंपनीच्या खरेदी विभागाने मला एक लांबलचक एक्सेल प्रश्नावली पाठवली. तिच्यात ‘पुरवठादार’ या रकान्यात माझे नाव आधीच भरलेले होते. त्याखाली पाच वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या देण्याची हमी, त्रुटीचा गैरवापर होत असल्याचे कळताच चोवीस तासांत सूचना देण्याचे बंधन आणि शेवटी सहीची जागा होती. या कंपनीकडून मला आजवर छदामही मिळालेला नव्हता.

सोबतच्या पत्रात युरोपीय संघाच्या सायबर रेझिलियन्स अ‍ॅक्टचा, म्हणजे डिजिटल उत्पादनांच्या सायबर सुरक्षेविषयीच्या 2024/2847 क्रमांकाच्या नियमनाचा हवाला होता. हे नियमन 10 डिसेंबर 2024 रोजी अमलात आले असले, तरी त्रुटी कळवण्याची बंधने 11 सप्टेंबर 2026 पासून आणि बहुतेक उरलेल्या तरतुदी 11 डिसेंबर 2027 पासून लागू होतात. मी संभाजीनगरात बसलो आहे म्हणून त्यातून आपोआप सुटतो असे नाही, कारण माल युरोपच्या बाजारात येतो की नाही हे तिथे पाहिले जाते, बनवणारा कुठे राहतो हे नव्हे. ‘आहे तसे, कोणत्याही हमीविना’ हे एमआयटी परवान्यातील वाक्यही इथे पुरेसे नाही. ते वापरणाऱ्याला बांधते, नियामकाला नाही.

इथल्या खंडपीठात वकिली करणाऱ्या आमच्या एका काकांकडे मी नियमनाची छापील प्रत घेऊन गेलो. त्यांनी प्रश्नावली बाजूला सारली आणि विचारले, “तू हे कुणाला विकतोस का रे?” मी नाही म्हणालो. “मग आधी ‘व्यावसायिक व्यवहार’ म्हणजे काय ते शोध, बाकीचे नंतर.” सगळा गुंता खरोखरच तिथे सुटत होता. जे मुक्त सॉफ्टवेअर व्यावसायिक व्यवहाराचा भाग म्हणून बाजारात आणले जात नाही, ते या नियमनाच्या कक्षेतच येत नाही. एखाद्या उत्पादकाने प्रकल्पाला आर्थिक मदत केली किंवा कोडमध्ये भर घातली, एवढ्यावरून तो व्यवहार व्यावसायिक ठरत नाही, हेही प्रास्ताविकात स्पष्ट लिहिले आहे. ‘ओपन सोर्स स्टुअर्ड’ नावाचा, मुक्त सॉफ्टवेअरला आधार देणाऱ्या संस्थांसाठीचा, एक हलक्या बंधनांचा वर्ग कलम 24 मध्ये आहे आणि त्याला आर्थिक दंडातून वगळलेले आहे. पण स्टुअर्ड ही कायदेशीर संस्थाच असावी लागते, त्यामुळे मी एकटा माणूस त्यातही बसत नाही.

पैशाच्या बाजूने मात्र नीट तपासावे लागले. देणग्या प्रकल्पाच्या खर्चाहून जास्त झाल्या किंवा तांत्रिक सहाय्याचे शुल्क प्रत्यक्ष खर्च भरून काढण्यापलीकडे गेले, तर व्यवहार व्यावसायिक मानला जाऊ शकतो. माझ्या देणग्यांतून डोमेनचे आणि चाचणीसाठी घेतलेल्या मीटरचे पैसेही पुरते निघत नाहीत, तेव्हा तो प्रश्न मिटला. त्याच कंपनीने पुढे वार्षिक सशुल्क सहाय्याचा प्रस्ताव ठेवला, तेव्हा माझ्या रात्रीच्या तासांची किंमत ‘प्रत्यक्ष खर्चात’ धरायची की नाही, यावर काकांचे आणि माझे एकमत झाले नाही.

उत्तर मी इंग्रजीत, पण वकिली भाषा टाळून लिहिले. मी तुमचा पुरवठादार नाही. बाहेरचा घटक उत्पादनात घेताना योग्य ती दक्षता घेण्याची जबाबदारी कलम 13 प्रमाणे उत्पादकाची आहे आणि सहीच्या कागदाने ती माझ्या गळ्यात घालता येणार नाही, असे त्यात म्हटले. त्याच कलमानुसार, घटकात त्रुटी आढळल्यास ती सांभाळणाऱ्याला कळवणे आणि स्वतः दुरुस्ती केली असेल तर तिचा कोडही त्याला देणे उत्पादकावर बंधनकारक आहे, हेही जोडले. माझ्या मते मेंटेनरांच्या, म्हणजे असे प्रकल्प सांभाळणाऱ्यांच्या, दृष्टीने संपूर्ण नियमनात हीच तरतूद सर्वांत मोलाची आहे, आणि प्रश्नावल्या पाठवणाऱ्यांना नेमकी तीच आठवत नाही.

हात झटकून मोकळे होणे मला पटत नव्हते. डिसेंबर 2021 मध्ये लॉग4जे या जगभर वापरल्या जाणाऱ्या फुकट लायब्ररीत गंभीर त्रुटी सापडली, त्या प्रकरणानंतर फुकटचा घटक किती खोलवर रुतलेला असतो हे कुणाला वेगळे सांगावे लागत नाही. म्हणून त्रुटी खाजगीत कळवण्याची सोय मी रिपॉझिटरीत (गिटहबवरील कोडच्या साठ्यात) सुरू केली, कोणत्या आवृत्त्यांना दुरुस्त्या मिळतील ते एका फाइलीत लिहून ठेवले आणि प्रत्येक आवृत्तीसोबत सायक्लोनडीएक्स या ठरावीक स्वरूपात सॉफ्टवेअरमधील घटकांची यादी देऊ लागलो. यांपैकी कशाचीही माझ्यावर सक्ती नाही, हे वाक्य मात्र त्या फाइलीत मुद्दाम ठेवले आहे.

कंपनीने सहीचा आग्रह सोडला. पुढे तिच्या अभियंत्याने पाठवलेल्या पुल रिक्वेस्टमध्ये, म्हणजे कोडमधील बदलाच्या प्रस्तावात, मीटरच्या उत्तरातील बाइट-काउंट (माहिती किती बाइटची आहे हे सांगणारा आकडा) प्रत्यक्ष आलेल्या फ्रेमच्या, म्हणजे संदेशाच्या, लांबीशी ताडून पाहणारी तपासणी आणि तिच्या चाचण्या होत्या. त्या घेऊन मी नवी आवृत्ती काढली. सशुल्क सहाय्याचा प्रस्ताव तूर्त बाजूला आहे. खर्चाचा हिशेब सीएकडून आल्यावरच त्यावर बोलायचे, असे मी त्यांना कळवले आहे.