तुम्ही विचारलंत म्हणून : वकील व्हायचंय, मग बीएला कोणता विषय घेऊ?

कुणाच्या ना कुणाच्या मुलीचा फोन येतोच, ताई मला पुढे एलएलबी करायचंय, आता बीएला पॉलिटिकल सायन्स घेतलं तर फायदा होतो का? दर वेळी तेच सांगते, म्हटलं एकदा लिहूनच टाकू.

नाही होत फायदा. तोटाही नाही. तीन वर्षांच्या एलएलबीला कुठलीही पदवी चालते, ओपनला 45 टक्के, ओबीसीला 42, एससी-एसटीला 40. मुक्त विद्यापीठाचीही चालते, फक्त बारावी न करता थेट पदवी घेतलेल्यांची तिथे अडचण होते. मी स्वतः बीकॉम, आणि चेक बाउन्सच्या केसमध्ये समोरच्याची खातेवही उघडली की ते बीकॉम अजूनही कामाला येतं.

सीईटीचं, म्हणजे एलएलबीच्या प्रवेश परीक्षेचं टेन्शन एफवायपासून घेऊ नका. पेपर मराठीतही असतो, निगेटिव्ह मार्किंग आत्तापर्यंत तरी नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, बाकी लीगल अ‍ॅप्टिट्यूड, जीके, रीझनिंग, इंग्रजी हे शेवटच्या वर्षी नेटाने केलं की जमतं. मुंबईचं जीएलसी (गव्हर्नमेंट लॉ कॉलेज) किंवा पुण्याचं आयएलएस लॉ कॉलेजच हवं असेल तर मात्र जास्त घासावं लागेल. आणि दादाने दिलेली जुनी गाइडं जपून वापरा. 1 जुलै 2024 पासून जुन्या आयपीसीच्या (भारतीय दंड संहितेच्या) जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली, खुनाच्या शिक्षेचं कलम 302 आता 103 झालंय, फसवणुकीचं 420 गेलं 318 मध्ये (शिवी म्हणून मात्र चारसोबीसच राहणार).

पण खरी तयारी म्हणाल तर सुट्टीत आपल्या तालुक्याच्या कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसा. पास लागत नाही, कुणाची ओळख लागत नाही, कोर्ट खुलं असतं, काही नाजूक प्रकरणं बंद दाराआड चालतात तेवढी सोडून. मोबाइल सायलेंटवर ठेवा. शिपाई पुकारा करतो, पक्षकार धावत येतो, तोवर वकील दुसऱ्या कोर्टात, मग पुढची तारीख. निम्मा बोर्ड (त्या दिवशीच्या केसेसची यादी) असाच जातो आणि कंटाळा येतो, येऊ द्या, कारण या धंद्यात हे रोजचं आहे आणि हे बघूनही ज्याला परत जावंसं वाटतं त्यानेच फॉर्म भरावा असं माझं स्पष्ट मत आहे.

उलटतपासणी लागली तर हलू नका. बांधाच्या भांडणात म्हातारा साक्षीदार उभा असतो, वकील आधी विचारतो विहीर कुठल्या बाजूला, मग आंब्याचं झाड कुणाचं, मग शेवटची मोजणी झाली तेव्हा तुम्ही हजर होता का, आणि तिथे म्हातारा अडखळतो. शेवटी वकील म्हणतो तुम्ही खोटी साक्ष देताय, म्हातारा नाही म्हणतो, आणि जजसाहेब टायपिस्टला सांगतात, 'हे म्हणणे खरे नाही की, मी खोटी साक्ष देत आहे.' प्रश्न तुकड्यातुकड्याने कसा विचारायचा आणि त्याचं उत्तर कागदावर कसं उतरतं, हे कुठल्याच क्लासमध्ये शिकवत नाहीत.

घरी आल्यावर एखादा निकाल वाचा. सुप्रीम कोर्टाच्या बऱ्याच निकालांचे मराठी अनुवाद आता ऑनलाइन फुकट मिळतात. आधी मराठीत वाचा मग तोच इंग्रजीत, आणि भांडण कशाचं होतं, कोर्टाने काय ठरवलं, का ठरवलं हे स्वतःच्या शब्दात एका पानात लिहा. इंग्रजी कच्चं आहे म्हणून रडणाऱ्यांना मी हेच सांगते.

आणि हो, एलएलबी नोकरी करत घरबसल्या होतं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. बार कौन्सिलच्या नियमाने 70 टक्के हजेरी लागते आणि पत्राने केलेल्या एलएलबीवर सनद (वकिलीचा परवाना) मिळत नाही, तेव्हा त्या तीन वर्षांच्या खर्चाचं घरी आत्ताच बोलून घ्या.