पाच खाचा आणि गगनबावडा

आईला मागं बसवलं की आमची स्प्लेंडर गतिरोधकावर ‘ठक्क’ करायची. नऊ वर्षांची गाडी, शॉकअप गेले असणार असं धरून मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात मिस्त्रींकडं गेलो. म्हटलं, दोन्ही बदलून टाका.

मिस्त्रींनी गाडी मेन स्टँडला लावली, मागं उकिडवे बसले आणि हसायला लागले. “पैसे लय झाल्यात व्हय? ह्यो सी पाना कधी बाहेर तरी काढलाय का?”

साइड पॅनेलच्या आत, प्लॅस्टिकच्या पिशवीत, तो कंपनीनं दिला तसाच होता. स्प्रिंगच्या बुडाला एक पायऱ्यापायऱ्यांची कडी असते. तिला पाच खाचा, आणि माझी पहिल्या दिवसापासून पहिल्या खाचेवर. नऊ पावसाळ्यांचा चिखल बसून ती दगड झालेली. मिस्त्रींनी डिझेलमध्ये ब्रश बुडवून घासलं, पाना अडकवला आणि अंग टाकलं. कर्रर... खट्. दुसरी खाच. मग दुसऱ्या बाजूलाही तेवढीच, कारण दोन शॉकअप वेगवेगळ्या खाचेवर ठेवायचे नसतात.

पाना आता कळला होता, म्हणून घरी येऊन मी थेट पाचवी खाच लावली. जास्त म्हणजे चांगलं, हे आपलं कोल्हापुरी गणित.

रविवारी निवडे-साळवणजवळच्या मामांकडून आईला आणायचं होतं. सकाळी लवकर निघालो, म्हणजे आधी एकट्यानं गगनबावड्याला जाऊन येता येईल. जानेवारीची थंडी, रंकाळ्यावर धुकं, फुलेवाडी ओलांडेपर्यंत बोटं गार. बालिंग्याच्या पुलापर्यंत सगळं छान. पुढं ऊसवाहतुकीनं रस्त्याची जी दशा केली होती, तिथं गाडीनं मला टोलवायला सुरुवात केली. मागचं चाक खड्ड्यात उतरतच नव्हतं, वरच्या वर उड्या मारत होतं. वळणावर बारीक खडी आली तेव्हा शेपूट एकदा स्पष्ट बाजूला सरकलं. समोरून अंगद, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या उसाच्या गाड्या, येत होते, गाणी लावून. अंगदाला ना पाटा ना स्प्रिंग, टायरातली हवा हेच त्याचं सस्पेन्शन. त्या क्षणी माझं आणि त्याचं सारखंच चाललं होतं.

कळे गावात चहाला थांबलो आणि मिस्त्रींना फोन लावला.

“पाच कुणी सांगितली तुला? एकटा हाईस न्हवं?” मग त्यांनी सांगितलं ते असं. खाच फिरवली म्हणून स्प्रिंग कडक होत नाही. समजा, ती एक सेंटिमीटर दबायला दहा किलो लागत असतील, तर पाचव्या खाचेवरही पुढच्या प्रत्येक सेंटिमीटरला दहाच लागणार. बदलतं काय, तर सुरुवात. स्प्रिंग आधीच दाबून बसवल्यामुळं गाडीचं बूड वर राहतं. वजन जास्त असेल तर ते हवंच, नाहीतर शॉकअप खालपर्यंत दबून ठक्क करणार. पण एकटा माणूस बसला तर गाडी पुरेशी बसतच नाही. चाकाला खड्ड्यात खाली जायला काही जागाच उरत नाही आणि ते हवेत लोंबतं. एकूण चालीतला साधारण तिसरा हिस्सा माणूस बसल्यावर दबलेला असावा, हा त्यांचा ठोकताळा.

शेजारच्या पिकअपच्या चालकानं फोनवरचं सगळं ऐकलं होतं. तो म्हणाला, “आमच्या पिकअपचं उलटं हाय. मोकळी मारली की मणके ढिले, माल भरला की पाळणा.” पाट्यांच्या, म्हणजे एकाखाली एक लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या, गाडीत ही गंमत असते. वरचे पाटे कायम काम करतात, खालचा हेल्पर पाटा वजन आल्यावरच टेकतो. म्हणजे इथं वजन वाढलं की स्प्रिंगच कडक होते म्हणा की. मोठ्या व्हॉल्वो बसमध्ये वजन पेलायचं काम हवेचे फुगे करतात, प्रवासी पाच असोत की चाळीस, बसची उंची तीच. महागड्या बायकांना (गाड्यांना हं) तर शॉकअपमधल्या तेलाची धावही नॉबनं कमी-जास्त करता येते. आपल्याला पाच खाचा आहेत, त्या पुरे.

टपरीमागं गाडी उभी करून दुसऱ्या खाचेवर आणली. हात काळे झाले ते गगनबावड्यापर्यंत तसेच. पण असळजच्या पुढं जंगल लागलं तेव्हा लक्षात आलं, की मी आता रस्त्याकडं बघत नव्हतो, झाडांकडं बघत होतो. कोल्हापूरपासून पंचावन्न किलोमीटरवर सह्याद्री एकदम संपतो. एक वाट करूळ घाटाला, दुसरी भुईबावड्याला, आणि खाली निळसर कोकण. गगनगडाकडं बघत एक वडापाव खाल्ला आणि परतलो.

मामांनी आईबरोबर दहा-दहा किलोचे दोन गुळाचे रवे आणि तांदळाचं गाठोडं तयार ठेवलं होतं. गूळ सकाळीच गुऱ्हाळावरून आलेला, कापडातून अजून ऊब लागत होती. एक रवा टाकीवर, एक माझ्या आणि आईच्या मध्ये. कॅरिअरला फक्त तांदूळ, कारण मागं जास्त लादलं की पुढचं चाक हलकं होतं. मागच्या चाकात स्टिकरवर लिहिल्याप्रमाणं दोघांची हवा, आणि खाच चौथी. मामा म्हणाले, “पोरगं मेकॅनिक झालं वाटतं.”

कळ्याच्या आसपास अंधार पडला. एरवी आई मागं असली की समोरचे डिपर मारमारून हैराण करायचे. बूड दबून हेडलाइट त्यांच्या डोळ्यांत जायचा, आणि मी इतकी वर्षं त्यांनाच शिव्या देत होतो. आज एकानंही डिपर मारला नाही.

बालिंग्याच्या अलीकडं आईनं विचारलं, “खड्डे बुजवल्यात व्हय रं?”

“व्हय,” म्हटलं. नऊ वर्षांचा हिशेब कुठं देत बसू?

घरी सामान उतरवलं आणि साइड स्टँड लावून वळलो, तर गाडी पलीकडं कलायला लागली. बूड उंच, त्यामुळं ती जवळजवळ सरळच उभी राहिली होती. पळत येऊन धरली, मेन स्टँडला घेतली, मोबाइलचा टॉर्च तोंडात धरला आणि पाना अडकवला. खट्. खट्.

वरून आईचा आवाज आला, “आता आणि काय मोडलंस?”