भुताच्या खोलीत आधी नळ उघडा

लॉस एंजेलिसचं सेसिल हॉटेल, १९२४ सालचं, ७०० खोल्यांचं. त्याच्या भुतांचे व्हिडिओ आपल्या नागपुरातही रात्र-रात्र जागून बघतात. २०१३ मध्ये तिथल्या पाहुण्यांची तक्रार होती: नळाला धार बारीक, पाण्याला विचित्र चव. गच्चीवरच्या टाकीत एका बेपत्ता तरुणीचा मृतदेह निघाला. तपासाचा निष्कर्ष अपघाती बुडण्याचा, सोबत मानसिक आजाराची नोंद. त्या मुलीला भूतकथेत ओढणं मला क्रूर वाटतं.

सीताबर्डीच्या एखाद्या जुन्या लॉजात रात्री टकटक ऐकू आली, तर आधी छप्पर बघा. मे महिन्यात दुपारी ६० अंशांवर तापलेला ६ मीटरचा लोखंडी पत्रा रात्री ३० वर उतरला की सुमारे २ मिलिमीटर आकसतो. स्क्रूपाशी अडकत-सुटत वाजतो. भिंतीतून धप्प आवाज आला, तर कुणीतरी नळ झटक्यात बंद केलेला असतो. वाहतं पाणी एकदम थांबून पाइपाला धक्का देतं, त्यात क्लॅम्प ढिले असले की भिंतच हादरल्यासारखी वाटते. नळ हळू बंद करून बघा. एकाच कोपऱ्यात गारवा? पंखा बंद करून उदबत्ती धरा, धूर वाकला की फट जवळच आहे.

आणि गच्चीवरच्या टाकीला झाकण-कुलूप आहे का, हे मॅनेजरला नक्की विचारा.