जुन्या जीपला नवे हूड शिवून घेताना

आमचे शेत कन्नड तालुक्यात डोंगराच्या पायथ्याशी आहे आणि तिथे पोहोचण्याचा शेवटचा टप्पा काळ्या मातीच्या कच्च्या रस्त्याचा आहे. पावसाळ्यात त्या चिखलातून फोर-व्हील ड्राइव्हची (चारही चाकांना जोर मिळणारी) गाडीच बाहेर पडते, म्हणून घरातील महिंद्रा एमएम ५४० आम्ही आजही सांभाळून ठेवली आहे. वडील दर आठवड्याला माझ्याबरोबर शेतावर येतात. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात बाजारातून तयार आणलेले हूड, म्हणजे जीपचे कापडी छत, त्यांच्या डोक्यावरच्या शिवणीतून गळू लागले आणि घरी पोहोचेपर्यंत त्यांचा खांदा पूर्ण भिजला होता. त्याच आठवड्यात मी ते हूड उतरवले आणि पुढचे हूड स्वतः माप घेऊन, स्वतः बेतून शिवून घ्यायचे ठरवले.

सुरुवात जुने हूड उसवण्यापासून केली. कापड अजून शाबूत होते, पण शिवणीचा सुती दोरा उन्हाने इतका कुजला होता की बोटाने ओढताच तुटत होता. समोरच्या काचेची चौकट आणि कापड पेलणारी पहिली लोखंडी कमान यांच्यामधले कापड खोलगट झाले होते आणि तिथे पावसाचे पाणी साचून त्याची अक्षरशः पिशवी होत होती. छताची मुख्य शिवण नेमकी त्या खोलगट भागातून जात होती. मराठवाड्यातील माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरात वाढलेल्या माणसाला ही चूक लगेच दिसायला हवी, कारण माळवद घालताना गवंडी सर्वांत आधी पन्हाळीकडचा उतार ठरवतो आणि मगच माती पसरतो. हूड शिवणाऱ्याने तो उतार ठरवलाच नव्हता.

म्हणून कापडाआधी सांगाड्याचे काम हाती घेतले. मूळच्या दोन कमानींपैकी पहिली आणि काचेची चौकट यांच्यात अंतर फार होते, तेव्हा पुढच्या बाजूला एक जादा कमान घातली आणि ती दोन्ही बाजूंच्या मानाने सुमारे पाऊण इंच उंच ठेवली, जेणेकरून पाणी तिच्यावरून पुढे-मागे आणि मग कडेला ओघळावे. पंचवीस मिलिमीटरचा पाइप वाळूजच्या एका फॅब्रिकेटरकडून वाकवून घेतला. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलांपेक्षा वेगळे ठरतील असा बदल गाडीत करता येत नाही. त्यामुळे बॉडीला कुठेही वेल्डिंग न करता ही कमान क्लॅम्पवर बसवली आणि ती पाना घेऊन पाच मिनिटांत काढता येईल अशी ठेवली. पाइपला प्रायमर व रंग देऊन वर जाड नमद्याची पट्टी चिकटवली, कारण लोखंडावर सतत घासणारे कापड आधी तिथेच फाटते.

शिलाईचे काम छत्रपती संभाजीनगरमधील एका जुन्या सीटकव्हरच्या दुकानात झाले. दुकानाचे मालक साठीच्या पुढचे आहेत आणि आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. त्यांच्या आजोबांच्या घरी हिमरू या नक्षीदार कापडाचा माग होता, त्यामुळे कापड हातात घेताच ते ताणा (उभा धागा) कुठला आणि बाणा (आडवा धागा) कुठला हे आधी पाहतात. “भाऊ, कापड तिरके कापले तर ते आज बसेल आणि महिन्याने लोंबेल,” असे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले. त्यांच्या सल्ल्याने छताचे सर्व तुकडे ताणा गाडीच्या लांबीच्या दिशेने येईल असे बेतले, कारण विणीच्या तिरक्या दिशेने कोणतेही कापड अधिक ताणले जाते.

कापड निवडायला मी उन्हाळ्याचे सहा आठवडे घेतले आणि त्याचा मला अजूनही पश्चात्ताप नाही. जाड सुती कॅनव्हास, ट्रकवर टाकतात तसली पीव्हीसीची ताडपत्री आणि आतून पीयूचा (पॉलीयुरेथेनचा) जलरोधक थर दिलेला पॉलिस्टर कॅनव्हास, अशा तिन्हींचे एकेक फुटाचे तुकडे गच्चीवर दोरीला बांधून ठेवले. सुती कॅनव्हासचा धागा भिजला की फुगतो आणि विणीतील छिद्रे आपोआप बंद होतात, ही त्याची मोठी खुबी आहे. पण तो आटतो, वाळायला वेळ लावतो आणि ओला घडी घातल्यास त्यावर बुरशी येते. ताडपत्रीतून पाण्याचा थेंबही येत नाही, परंतु हवाही येत-जात नाही आणि मे महिन्याच्या दुपारी ती मऊ पडून तापते. अ‍ॅक्रिलिकचे कापडही मी पाहिले. त्याच्या धाग्यात रंग मुळातच मिसळलेला असल्याने ते उन्हात सहसा विटत नाही, पण ते आमच्या खर्चात बसले नाही. शेवटी पॉलिस्टर कॅनव्हास घेतला. त्याच्या तुकड्याची झोळी करून रात्रभर पाणी भरून ठेवले होते आणि सकाळी खालची फरशी कोरडी होती.

मापासाठी मी आधी शेतातला मल्चिंग पेपर (वाफ्यावर अंथरायचा पातळ प्लॅस्टिक कागद) गाडीवर अंथरला. तो ओढला तसा लांबला आणि दोन्ही बाजूंची मापे जुळेनात. मग चाचांनी दुकानामागे पडलेले जुने फ्लेक्स बॅनर काढून दिले. फ्लेक्सच्या आत पॉलिस्टरची जाळी असल्याने तो ताणत नाही, आणि नमुन्यासाठी यापेक्षा स्वस्त व विश्वासू वस्तू मला सापडली नाही. गाडीवर फ्लेक्स ताणून चिमट्यांनी पकडला, प्रत्येक कमानीची मध्यरेषा, बटणांच्या जागा आणि काचेच्या चौकटीची कड मार्करने आखली, आणि दोन्ही बाजूंना वेगवेगळी मापे घेतली. जुन्या जीपची डावी व उजवी बाजू सारखी असेल असे गृहीत धरू नये. आमच्या गाडीत मागच्या कोपऱ्यांत अर्ध्या इंचाचा फरक निघाला. त्यानंतर फ्लेक्सचेच पूर्ण हूड कच्च्या टाक्यांनी शिवले आणि ते बसवून दौलताबादपर्यंत जाऊन आलो.

त्या फेरीत वाऱ्याचा प्रश्न कळला. गाडी वेगात असताना छतावरून जाणाऱ्या हवेचा दाब आतल्या हवेपेक्षा कमी होतो, त्यामुळे छत खाली दबण्याऐवजी वर फुगते, आणि वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो. ताशी चाळीसच्या वेगात शांत असलेले हूड ऐंशीला जोरजोरात फडफडत होते. यावर दोन उपाय केले. काचेच्या चौकटीपासून मागच्या कमानीपर्यंत दोन इंची पट्ट्याच्या दोन ओळी ताणून बांधल्या, म्हणजे ओढ कापडावर न येता पट्ट्यांवर येते. आणि कापडाला आतून वेल्क्रोच्या पट्ट्या शिवून प्रत्येक कमानीला ते जखडले.

शिवणीबाबत चाचा आणि माझ्यात थोडा वाद झाला. मला सगळीकडे पॉलिस्टरचा दोरा हवा होता, कारण उन्हात तो सुती दोऱ्यापेक्षा फार जास्त टिकतो. चाचांचे म्हणणे असे होते की पॉलिस्टरचा दोरा भिजल्यावर फुगत नाही, म्हणून सुईचे छिद्र उघडेच राहते. तंबूसाठी पॉलिस्टरच्या गाभ्यावर सुती आवरण असलेला दोरा वापरतात. तो गाभ्यामुळे मजबूत राहतो आणि आवरण फुगून छिद्र भरते. छताला तो आणि बाजूंना साधा पॉलिस्टर, असे आम्ही ठरवले. छताच्या शिवणी जीन्सच्या पायाला असते तशा दुहेरी दुमडीच्या घेतल्या, दुमडीचे तोंड उताराकडे ठेवले आणि प्रत्येक शिवण कमानीवर आणली, म्हणजे ती सर्वांत उंच जागी येते. टाके फार बारीक घेतले नाहीत. जवळजवळ पडलेली छिद्रे कापडाला पोस्टाच्या तिकिटासारखी फाटायला मदत करतात.

मागच्या खिडकीला पारदर्शक पीव्हीसी लावली आणि तिची चेन प्लॅस्टिकची घेतली, आणि चेनीवर खालच्या दिशेने पडणारा पदर दिला. शेतरस्त्यावर मागची बाजू उघडी ठेवू नये, हे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो. धावत्या गाडीच्या मागे कमी दाबाचा पट्टा तयार होतो आणि त्यातून धुळीबरोबर सायलेन्सरचा धूरही आत ओढला जातो, आणि हा धूर विषारी असतो. खिडकी धुताना आधी भरपूर पाणी ओतून माती वाहून जाऊ द्यावी आणि मगच मऊ कापड लावावे.

एक चूक मात्र माझ्याकडून झालीच. मागच्या रांगेची बटणे मी मे महिन्यात दुपारी, कापड तापून मऊ झालेले असताना, ओढून ठोकली. डिसेंबरच्या एका पहाटे शेतावर निघताना कापड ताठरले होते आणि त्यातली चार बटणे काही केल्या पोहोचेनात. ती काढून तिथे बकलचे पट्टे बसवले, ज्यांची लांबी ऋतूनुसार कमी-जास्त करता येते. पुन्हा हूड शिवायची वेळ आली तर मागची संपूर्ण रांग मी पहिल्यापासून बकलचीच ठेवीन.

या जुलैत मुसळधार पावसात औट्रम घाट उतरून चाळीसगावला गेलो आणि परत आलो. छतातून एक थेंबही आला नाही. काचेच्या चौकटीच्या डाव्या कोपऱ्यातून मात्र पाणी झिरपले, कारण तिथे कापडाची कड पत्र्याच्या खोबणीत पूर्ण बसत नव्हती. त्या कोपऱ्यासाठी चाचांनी रबराची पोकळ पट्टी कडेत घालून शिवून दिली आहे. वडील तेव्हापासून मुद्दाम त्याच कोपऱ्याखाली बसतात आणि शेतावर पोहोचल्यावर हाताने पट्टी चाचपून पाहतात.